हळूकाकूंचा उजवा पाय

मोटार शिकवणाऱ्या बाईला शिकणाऱ्यांनी टोपणनाव दिलं नाही, तर ती नीट शिकवत नाही असं खुशाल समजावं. या बाईंचं नाव पडलं होतं हळूकाकू. चालकाशेजारच्या सीटवर बसून दिवसभरात त्या जितक्या वेळा ‘हळू’ म्हणत, तितक्या वेळा माणूस पापणीसुद्धा लववत नसेल. वळणावर हळू, उतारावर हळू, समोरून मांजर गेलं तर हळू, आणि मांजर गेल्यावर, “त्याच्यामागून त्याचं पिल्लू येईल, हळू.”

मोटार शिकवायची ती शाळा आधी सासऱ्यांची होती, आता दिरांची. दीर ऑफिसात बसून फोन घेत, तारखा देत, भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत. वहिनी, म्हणजे काकू, गाडीत बसत. गाडी एकच. तिच्यात शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक बसवलेला होता. शिकणारा घाबरून भलतंच करायला लागला, की शिकवणाऱ्यानं तो दाबायचा. हळूकाकूंचा उजवा पाय वर्षानुवर्षं त्या ब्रेकवर पाळत ठेवून बसलेला असे, दारातल्या कुत्र्यासारखा. त्या पायाच्या भरवशावर सगळ्या गावाला गाडी आली होती.

आणि ती सीट म्हणजे हळूकाकूंचा जीव की प्राण. घरात बसायला सोफा होता, स्वयंपाकघरात स्टूल होतं, पण तिथे बसलं रे बसलं की कोणीतरी विचारायचं, “माझा दुसरा मोजा कुठेय?” त्या सीटवर हे विचारायची कोणाची टाप नव्हती. तिथून त्यांनी घामाघूम झालेल्या माणसांना पहिल्यांदा चढावर गाडी न घसरता उचलताना पाहिलं होतं. त्या क्षणी माणसाचा चेहरा जसा होतो, तो बघायला मिळावा म्हणून त्या फुकटसुद्धा बसल्या असत्या. हे मात्र दिरांना त्यांनी कधी कळू दिलं नव्हतं.

तर अशा या काकूंच्या गाडीत एक दातांचे डॉक्टर शिकायला आले. दिवसभर दुसऱ्यांना ‘घाबरू नका’ म्हणणारा माणूस, पण स्टिअरिंग हातात आलं की त्यांचेच दात वाजत. “काकू, थोडं संगीत लावलं तर चालेल?” त्यांनी विचारलं. काकूंना वाटलं, लावतील एखादं भावगीत. डॉक्टरांनी खिशातून पेनड्राइव्ह काढून लावला, आणि काकूंना वाटलं, कोणीतरी भांड्यांचं टोपलं घेऊन जिन्यावरून घसरलंय.

“हा जॅझ आहे,” डॉक्टर म्हणाले. “पियानो वाजवणारा फार मोठा माणूस आहे.”

“मोठा आहे तर एका जागी स्वस्थ का बसत नाही?”

डॉक्टरांनी त्या मोठ्या माणसाचं नावही सांगितलं. ते जिभेवर काही बसेना, म्हणून काकूंनी आपलं सोयीचं नाव दिलं, बोटेसाहेब. डॉक्टर पास झाले, दुसऱ्या गावी बदलून गेले, आणि पेनड्राइव्ह गाडीतच राहिला. काकूंनी फोन केला तर म्हणाले, “राहू द्या तुमच्याकडे. त्यात त्यांचं सगळं आहे, तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत. सगळंच आवडेल असं नाही. आपल्याला आवडेल ते हुडकायचं.”

हुडकणार कोण? काकूंनी तो पेनड्राइव्ह काढूनही टाकला असता, पण तो काढायला वाकावं लागायचं आणि काकूंची कंबर त्या आठवड्यात वाकायला राजी नव्हती. त्यात एक दिवस पाण्याचा पाइप फुटला म्हणून चौकात रस्ता बंद झाला, आणि काकू एकट्याच गाडीत अडकून पडल्या. पुढे डंपर, मागे डंपर, आणि मधे बोटेसाहेब. करमणूक म्हणून काकू ऐकत बसल्या. एक साधीशी चाल होती. ती चाल दारापर्यंत गेली, ‘बरं, निघतो’ म्हणाली, पायात चपला घातल्या, आणि उंबऱ्यावर उभी राहून अशा काही गप्पा हाणायला लागली की घरातल्यांना वाटावं, हा आता जातो की इथेच राहतो. इकडचं काढलं, तिकडचं काढलं, शेजाऱ्याच्या भानगडी काढल्या, आणि मग, सगळे कंटाळणार इतक्यात, चपला काढून पुन्हा आत येऊन बसली. काकू एकट्याच खदखदून हसल्या. पुढच्या डंपरवाल्यानं आरशात पाहिलं आणि मान फिरवली.

मग काय विचारता. पन्नाशी उलटलेल्या बाईला नवं वेड लागलं की ते कांजिण्यांसारखं असतं, उशिरा आलं की जोरात येतं. अल्बमना नावं नव्हती, नुसते आकडे होते. त्यामुळे काकूंनी ओळख आपल्या परीनं करून घेतली. पहिला अल्बम बोटेसाहेबांच्या उमेदवारीतला. नवा जावई सासरी बोलतो तसं भरभर आणि फार. दुसऱ्यात व्हायोलिनांचा ताफा होता. तो काकूंना गोडमिट्ट लागला, बाजूला ठेवला. तिसरा कुठल्यातरी खाणावळीत वाजवलेला असावा, कारण मधे ग्लास किणकिणत, कोणीतरी खोकत असे, आणि एका ठिकाणी एक बाई अशी मनापासून हसे की काकू त्या हसण्याची वाट बघत. एकात पियानोची एक पट्टीच बिघडलेली होती. दुसरा कोणी असता तर ती टाळून वाजवलं असतं. बोटेसाहेब मुद्दाम तिच्यावरच जाऊन जाऊन टपली मारत. तो अल्बम काकूंच्या गळ्यातला ताईत झाला.

रस्ते आणि अल्बम यांच्याही जोड्या जमल्या. गोल चौकाला तीन मात्रांचा घोळदार अल्बम, कारण तो संपता संपत नाही आणि चौकही नाही. हमरस्त्याला ढोलवाला ज्यात सुटलेला आहे तो. गाडी मागे घ्यायला शिकवताना तो एकट्या पियानोचा, ज्यात साहेब स्वतःशीच पुटपुटतात. “हा त्यांच्या लग्नानंतरचा,” काकू शिकणाऱ्याला ठासून सांगत. “आणि हा दाढ दुखत असतानाचा.” याला पुरावा काय, असं कोणी विचारलं नाही. हळू म्हणणाऱ्या काकू आताशा कधीकधी ‘हळू’ म्हणायला विसरतात, एवढं मात्र सगळ्यांच्या लक्षात आलं.

आणि इथेच माशी शिंकली. काकूंचे विद्यार्थी नापास व्हायला लागले.

आधी एक पेन्शनर गेले. मग कॉलेजातली मुलगी गेली. मग बेकरीवाला, ज्याच्यासारखा चालवणारा काकूंनी वर्षभरात पाहिला नव्हता. तिघांचा गुन्हा एकच. परीक्षा घेणारे तपासनीस म्हणाले, “तुमच्या शाळेची माणसं गाडी चालवत नाहीत, बेडूक चालवतात. सरळ रस्त्याला उड्या.”

दिरांनी गाडी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीनं प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला, मग नुसतं बॉनेट उघडून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. स्वतः चालवून बघितली तर गाडी लोण्यासारखी. “मालक, ब्रेकचे पॅड मात्र दर दोन महिन्यांनी झिजतात,” तो म्हणाला. “एवढा ब्रेक कोण मारतं?”

“आमच्याकडे ‘हळू’ म्हणायची पद्धत आहे,” दीर म्हणाले, आणि वहिनींकडे बघितलं.

त्या संध्याकाळी दिरांनी घसा साफ केला. दीर घसा साफ करायला लागले की घरातली माणसं उठून जात, पण वहिनींना जाता येईना.

“वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. पण आता वय झालं, लक्ष राहत नाही. पुढच्या आठवड्यात त्या सिस्टरची परीक्षा आहे. ती पास झाली तर प्रश्नच नाही. पण तिच्याही उड्या निघाल्या, तर तुम्ही ऑफिसात बसा. पंख्याखाली. फोन घ्यायचे, तारखा द्यायच्या. मी दुसरा कोणीतरी बघतो गाडीसाठी.”

“पंख्याखाली,” काकू म्हणाल्या.

“हो ना. आरामात.”

ऑफिस घराच्याच पुढच्या खोलीत होतं. तिथे बसलं तर मोज्याचा प्रश्न दिवसातून किती वेळा येईल, ते काकूंनी रात्री बोटांवर मोजून बघितलं.

सिस्टर म्हणजे इस्पितळातली परिचारिका. घरोघरी जाऊन आजाऱ्यांना बघायचं काम तिला मिळणार होतं, पण त्यासाठी गाडी चालवता यायला हवी होती. ठेंगणी, चपळ, आणि तोंडाची फटकळ. दुसऱ्या दिवशी ती काकूंना घेऊन नदीकाठच्या रस्त्याला लागली. बोटेसाहेब बिघडलेल्या पट्टीवर टपल्या मारत होते. थोड्या वेळानं सिस्टरनं कपाळाला आठी घातली.

“काकू, तुमच्या गाडीला नाडी आहे.”

“काय आहे?”

“ठोके पडताहेत. टक, आणि मग जरा उशिरा, टटक. असा ठोका मला वॉर्डात लागला असता तर मी डॉक्टरांना झोपेतून उठवलं असतं.”

“रस्ता खराब आहे.”

“रस्ता कालच केलाय.” सिस्टरनं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि खाली बघितलं. संगीत चालूच होतं. ब्रेकवर काकूंचा उजवा पाय तल्लीन होऊन ताल धरत होता. टक, टटक.

दोघी त्या पायाकडे बघत राहिल्या. तो पाय आपला नसून कोणा पाहुण्याचा असावा, तशा नजरेनं काकूंनी त्याला न्याहाळलं.

“हा कधीपासून?” सिस्टरनं विचारलं.

“मला काय माहीत? मी वर असते, तो खाली असतो.”

मग सगळा उलगडा झाला. काकू ठेक्यावर ब्रेकला टपली मारत. प्रत्येक टपलीला गाडी जराशी अडखळे. शिकणारा बिचारा आपल्याच पायाला दोष देऊन तेवढ्यापुरता अॅक्सिलरेटर जास्त दाबे, आणि थोड्याच दिवसांत ते त्याच्या अंगवळणी पडे. पण परीक्षेला काकूंच्या जागी तपासनीस बसत, पाय पोटाशी घेऊन. टपली मारायला कोणी नाही, आणि दाबणारा मात्र दाबतोय. मग उडी नाही तर काय होणार.

“म्हणजे त्या तिघांना मी बुडवलं,” काकू म्हणाल्या. “बेकरीवाला तर रडला होता गं.”

“त्यांना पुन्हा शिकवा. आधी मला वाचवा. बंद करा ते.”

बंद केलं. नदीकाठची शांतता ऐकत गाडी निघाली, आणि पुढच्या वळणाच्या आत सिस्टर म्हणाली, “काकू, नाडी.” बोटेसाहेब पेनड्राइव्हमधून उतरून केव्हाच काकूंच्या डोक्यात राहायला गेले होते. काकूंनी बेचे पाढे म्हणून बघितले. पाढेही त्याच ठेक्यात निघाले. पाय ब्रेकवरून उचलून ठेवला, तर समोरून सायकल आली तेव्हा ब्रेक वेळेवर लागेना. पाय तर तिथे हवाच होता. फक्त शुद्धीवर हवा होता.

“भावजींना सांगू नकोस,” काकू म्हणाल्या. “ते पेनड्राइव्ह काढतील आणि मलाही काढतील.”

सिस्टरनं पेनड्राइव्हवर टिचकी मारली. मग म्हणाली, “काट्यानं काटा काढायचा. याच माणसाचं असं काहीतरी असेल, जे तुम्हाला आवडतं पण पायाला आवडत नाही. ते तुमच्या डोक्यात भरू. किती आहेत अल्बम?”

“पोतंभर.”

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत गाडी एका चपलांच्या दुकानासमोर, झाडाखाली उभी राहिली. काकू आपल्या सीटवर. त्यांच्या बाजूचं दार सताड उघडं. सिस्टर बाहेर उकिडवी बसलेली, आणि तिची दोन बोटं काकूंच्या उजव्या घोट्यावर, नाडी बघतात तशी.

“लावा.”

काकूंनी लावला. घोडदौडीचा अल्बम होता.

“लागली. पुढचा.”

पुढचा संथ होता. “याला नाही लागणार,” काकू म्हणाल्या.

“टाच लागली. पुढचा.”

तीन मात्रांचा लावला तर अंगठा लागला. व्हायोलिनवाला लावला तर पाय अगदी गप्प.

“हा चालेल,” सिस्टर म्हणाली.

“हा मला आवडत नाही.”

“औषध आवडायला कशाला पाहिजे?”

“जे आवडत नाही ते डोक्यात राहत नाही गं. ते गेलं की जुनं परत येईल.”

तेवढ्यात चपलांचा दुकानदार पाण्याची बाटली घेऊन धावत आला. “चक्कर आली का बाईंना?”

“नाही, पाय बिघडलाय,” सिस्टर म्हणाली. “ठेक्यात हलतो.”

“माझ्या मेव्हण्याचाही हलतो,” दुकानदार म्हणाला, आणि औषधाची उत्सुकता म्हणून तिथेच उभा राहिला.

काकूंना एकाएकी हसू फुटलं. ते आवरेना म्हणून सिस्टरला फुटलं. दुकानदार दोघींकडे आळीपाळीनं बघत होता, आणि पार्श्वसंगीताला बोटेसाहेब होतेच. हसून हसून डोळे पुसताना काकूंचा हात बटणावर पडला, आणि पुढचे बरेच अल्बम ओलांडून गाडी एकदम शेवटाकडे गेली. तिकडे काकू कधी गेल्याच नव्हत्या. आवडीचे मधेच सापडले, मग पुढे कोण जातंय.

काहीच ऐकू येईना. मग स्टूल करकरल्यासारखं झालं. कोणीतरी श्वास घेतला. आणि एक सूर आला.

एकच. दुसरा येईना.

“अडकलं वाटतं,” दुकानदार म्हणाला.

“शू,” काकू म्हणाल्या.

दुसरा सूर आला तेव्हा तो जणू विचारून आला. साहेब म्हातारे झाले होते. पूर्वीची ती बडबड, ती उंबऱ्यावरची गप्पांची खुमखुमी कुठे गेली कोणास ठाऊक. एक सूर ठेवायचा, तो पार विरून जाईपर्यंत बघत बसायचं, आणि मग ‘बरं, आता हा ठेवू का?’ असं म्हणत दुसरा. पुढचा कधी येईल याचा नेम नाही. ठेका धरायचा तर कशाला धरायचा? पाय धरेना. पण तो झोपलाही नाही. तो वाट बघत होता. सूर येईल, आता येईल, सावध, एकदम सावध.

सिस्टरनं बोटं जरा दाबली. “काकू, पाय जिवंत आहे ना?”

काकूंनी आवाज वाढवला. मग म्हणाल्या, “हा सगळ्यात छान आहे.”

“आवडला?”

“आवडला. पण हे आवडणं पायात उतरत नाही. वरच कुठेतरी राहतं.”

“राहू द्या तिथेच, हलवू नका,” सिस्टर म्हणाली, आणि गुडघे झाडत उठली.

पाय सुधारला, पण आता वेगळीच पंचाईत झाली. काकूंची टपली थांबल्याबरोबर सिस्टरच्या उड्या सुरू झाल्या. नदीकाठच्या रस्त्यानं गाडी अशी निघाली, की कडेच्या एका बंगल्याचा वॉचमन खुर्चीवरून उठून बघायला लागला. सिस्टर स्वतःवरच वैतागली. “तुमचा रोग मला लागला. आणि मी म्हणे लोकांना बरं करणार.”

“आपण दोघीही ऐकायचं,” काकू म्हणाल्या. म्हाताऱ्या बोटेसाहेबांचे अल्बम चार-पाच निघाले. त्या आठवड्यात दोघींनी तेच लावले. एक सूर, मग थांबणं. “तो थांबतो तेव्हा तूही थांब. कोणी मागे ढकलत नाहीये, कोणी पुढे ओढत नाहीये. पाय नुसता ठेव.” रोज एखादी उडी कमी होत गेली. परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र शेवटच्या चढावर एक दणकून उडी बसली.

परीक्षेचं मैदान तारेच्या कुंपणाआड होतं. गाडीत सिस्टर आणि तपासनीस. बाहेर बाकावर काकू आणि दीर. गाडी सुटली, कोपऱ्यावरून वळली आणि टेकाडामागे दिसेनाशी झाली. उड्या निघाल्या तरी इथून दिसणार नव्हत्या, आणि तेच काकूंना सोसेना.

“भावजी, एक सांगायचंय. गाडीत दोष नव्हता. माझ्या पायात होता.” आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं, डॉक्टर, डंपर, बिघडलेली पट्टी, टटक, घोटा, सगळं.

दिरांनी आधी कपाळावर हात मारून घेतला. मग म्हणाले, “मी त्या मिस्त्रीला चारचौघांत गाढव म्हणालो.”

“माफी मागायला मी येईन तुमच्याबरोबर.”

“आणि मी तुम्हाला म्हणालो की वय झालं.”

“ते तर झालंच आहे.”

“झालं असतं तर पाय नाचला नसता,” दीर म्हणाले. हे कौतुक होतं की तक्रार, ते त्यांचं त्यांनाही ठरवता आलं नसावं.

टेकाडामागून गाडी आली. काकू उठून कुंपणाला चिकटल्या. गाडी उतारावरून सरळ खाली येत होती, पाण्यावरून होडी यावी तशी. फाट्यावर थांबली. एक ट्रक जायचा होता. तो जाईपर्यंत ती थांबूनच राहिली, जराही न चुळबुळता, आणि मग निघाली. तपासनीस उतरले, कागदावर काहीतरी खरडलं, आणि कुंपणाशी येऊन म्हणाले, “या वेळी बेडूक नव्हता. माणूस होता.”

सिस्टर धावत आली आणि तिनं काकूंना असा विळखा घातला, की काकू ‘हळू’ म्हणाल्या.

घरी जाताना गाडी सिस्टरच चालवणार होती. काकू आपल्या सीटकडे गेल्या, दाराला हात लावला, आणि थबकल्या. “भावजी, आज तुम्ही बसा पुढे.”

“का? मी शब्द पाळतोय. सीट तुमचीच आहे.”

“उद्यापासून. बेकरीवाल्याला सकाळीच बोलावलंय, त्याला पहिल्यापासून शिकवायचंय. पण आज मला मागे बसू द्या. मागे ब्रेक नाही.”

दिरांना उमज पडेपर्यंत काकू मागच्या सीटवर मधोमध बसल्याही होत्या, आणि सिस्टरला सांगत होत्या, “तो खाणावळीतला लाव. आवाज मोठा.”

ग्लास किणकिणले. कोणीतरी खोकलं. बोटेसाहेब सुटले, आणि मागच्या सीटवर काकूंचे दोन्ही पाय सुटले. आठवडाभर दाबून ठेवलेला ठेका एकदम वर आला. उजवा पाय पुढे पळे, डावा त्याला अडवे, मग दोघं मिळून गुडघ्यांना कामाला लावत. सिग्नलला गाडी थांबली तरी मागून हलतच राहिली. शेजारच्या गाडीतल्या माणसांनी काचा खाली केल्या.

दिरांनी डोक्यावरचा दांडा घट्ट धरला. “वहिनी, गाडी हलतेय.”

“हलू दे. ब्रेक तुमच्याकडे आहे ना?”

दिरांनी खाली बघितलं. ब्रेक होता. त्यांनी त्यावर पाय ठेवला, जपून. सिग्नल हिरवा झाला, सिस्टरनं गाडी उचलली, आणि तेवढ्यात ती बाई हसली.

“कोण हसलं?” दिरांनी मान वळवून विचारलं.

“ती दरवेळी हसते,” काकू म्हणाल्या. “गप्प बसा, पुढे अजून छान आहे.”